गोव्यात मोफत वकील: हक्क कुणाचा, अर्ज कुठे, घोडं कुठे अडतं

मांडवीकाठ

या मंचावर जमिनीचा धागा असो, नवरा-बायकोच्या भांडणाचा असो की पोलीस स्टेशनचा, गाडी शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: वकिलाला द्यायला पैसे नाहीत. उत्तरं विखुरलेली आहेत आणि निम्मी चुकीची आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा. अनुभवकथन नको. नेमकी माहिती टाका.

आधी पाया. कायदा १९८७ चा, विधी सेवा प्राधिकरण कायदा. अंमल सुरू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. मोफत वकील कुणाला मिळतो ते कलम १२ सांगतं: अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-जातीय अत्याचार-औद्योगिक दुर्घटना अशा आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती. कोठडीत तुरुंग तर आलाच, संरक्षणगृह, बालगृह आणि मनोरुग्णालयही आलं. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा रकाना यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी आहे. गोव्यात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी ५ लाख.

मदत म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकला, टायपिंग, भाषांतर, अपिलाची पेपरबुकं हे सगळं त्यात येतं. वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. त्याचं मानधन प्राधिकरण देतं.

अर्ज आपल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे, किंवा उत्तर अथवा दक्षिण गोवा जिल्हा प्राधिकरणाकडे. काम उच्च न्यायालयातलं असेल तर पर्वरीच्या खंडपीठाशी जोडलेल्या समितीकडे. फोन १५१००, देशभर एकच. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरूनही अर्ज जातो, त्याचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

केप्याची_सुमन

नवऱ्याचा पगार चांगला असेल तर बायकोचा अर्ज नाकारतात असं सगळीकडे ऐकू येतं. खरं काय?

मांडवीकाठ

स्त्री म्हणून अर्ज असेल तर कुणाच्याच पगाराचा प्रश्न येत नाही, नवऱ्याच्या नाही आणि तिच्या स्वतःच्याही नाही. खिडकीवर कुणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर अर्जाच्या वरच्या भागात ठळक लिहा: "कलम १२(क) अन्वये, स्त्री म्हणून". इंग्रजी कायद्यात हे उपकलम 'सी' आहे. कारकून इंग्रजी प्रतीवरून काम करत असेल तर अक्षरात गोंधळ होतो, म्हणून "स्त्री" हा शब्द महत्त्वाचा.

पण पात्र असणं एवढ्यावर भागत नाही. कलम १३ प्रमाणे प्रथमदर्शनी दावा करण्याजोगं किंवा बचाव करण्याजोगं काहीतरी दिसावं लागतं. म्हणून अर्जात "माझ्यावर अन्याय झाला आहे" या वाक्याने काही साधत नाही. कोण, कधी, कुठे, कोणत्या कागदावरून, काय मागायचं आहे, एवढं पाच-सहा ओळींत आलं की पुरे.

घाटमाथा

मांडवीकाठ बाब यांनी पाया घातला, त्यावर कागदांचं आणि तारखांचं लिहितो. अर्ज रखडण्याची कारणं बहुतेक वेळा इथेच सापडतात.

अर्ज मराठीत, कोकणीत किंवा इंग्रजीत चालतो. लिहिता येत नसेल तर कार्यालयातला कर्मचारी किंवा पॅरालीगल स्वयंसेवक लिहून घेतो आणि अंगठा घेतो, ते त्याचं कामच आहे. उत्पन्नाच्या रकान्यातून अर्ज करणाऱ्याने प्रतिज्ञापत्र दिलं तर कायद्याने ते पुरतं, अविश्वासाला कारण असेल तरच पुढे चौकशी. मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला येईपर्यंत अर्ज अडवून ठेवायचं कारण नाही. प्रतिज्ञापत्र देऊन टाका, दाखला मागाहून जोडा.

निर्णय ताबडतोब, जास्तीत जास्त सात दिवसांत द्यावा असा नालसाच्या २०१० च्या विनियमांत नियम आहे. नाकारला तर कारण लेखी मागा. त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील होतं.

आता मुख्य मुद्दा. अर्ज दिला म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की लेखी जबाबाला ३० दिवस, कोर्टाने सवलत दिली तर ९० पर्यंत. ग्राहक आयोगात ३० अधिक १५, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. फौजदारीत सत्र न्यायालयात ३०, उच्च न्यायालयात ६०. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात, पण नकलेसाठी अर्ज केला असेल तरच. त्यामुळे निकाल लागला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका, वकील मिळो न मिळो.

समन्सचा लिफाफा फेकू नका. बजावणीची तारीख त्याच्यावरून कळते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत "पुढची तारीख अमुक" असं लाल पेनने लिहा. तारीख दोन दिवसांवर असेल तर अर्ज नुसता देऊन घरी जाऊ नका. समितीच्या सचिवांना भेटा, हजर असलेल्या रिटेनर (कार्यालयात सल्ल्यासाठी नेमलेल्या) वकिलाकडून मुदतवाढीचा अर्ज लिहून घ्या, आणि तारखेला स्वतः कोर्टात उभे राहा. पक्षकार उभा राहून "लीगल एडला अर्ज केलाय, हा त्याचा क्रमांक" असं सांगतो तेव्हा न्यायाधीश सहसा पुढची तारीख देतात. कुणीच हजर नसेल तर एकतर्फी हुकूम होतो, आणि तो उठवायला नवीन अर्ज आणि नवीन कारणं लागतात.

सोबत: ओळखपत्र, समन्स किंवा नोटीस, आधीचे कोर्टाचे कागद, जात किंवा अपंगत्वाचा आधार घेत असाल तर तो दाखला. सगळ्याच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती घरीच ठेवा. मूळ कागद पुराव्याच्या वेळी कोर्टात दाखवावे लागतात, आणि ते वकिलाच्या फायलीतून हरवले तर भरून काढणं फार कठीण.

कुळागर

घाटमाथा यांच्याशी सहमत, पण गोव्यात सर्वात जास्त गरज कुठे असते? कोर्टात नव्हे, मामलेदार कचेरीत. कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) यांची प्रकरणं तिथे चालतात आणि लोकांना वाटतं की तिथे लीगल एड लागू होत नाही.

लागू होते. कायद्यात "न्यायालय" या शब्दाच्या व्याख्येत महसुली न्यायालय आणि अर्धन्यायिक अधिकार असलेलं कोणतंही प्राधिकरण येतं. म्हणजे मामलेदार, उपजिल्हाधिकारी, प्रशासकीय न्यायाधिकरण सगळे आले. अर्जात "मामलेदारांपुढचं प्रकरण" असं लिहायला कचरू नका.

मुंडकार कायदा १९७५ चा, कूळ कायदा १९६४ चा. कुळांचा मालकीहक्क २० एप्रिल १९७६ या दिवसाशी बांधलेला आहे. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रकरणं दिवाणी न्यायालयाकडे गेली आणि नंतर परत मामलेदारांकडे आली. या ये-जा मध्ये जुन्या फायली अडकतात, म्हणून प्रकरण क्रमांक जुना आणि नवा दोन्ही शोधून ठेवा. वकील नेमला गेला आणि फाईल कुठे आहे तेच कळेना, तर महिने वाया जातात.

मुंडकाराने काय घेऊन जावं: एक-चौदाचा म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा (इतर हक्कांचा रकाना पाहायला विसरू नका), घर दाखवणारा सर्व्हे नकाशा, पंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, जुन्या मतदार याद्या, शाळा सोडल्याचा दाखला. एकच कागद सहसा कमी पडतो. भाटकाराच्या संमतीने आपण त्या घरात राहत होतो हे वेगवेगळ्या काळातल्या कागदांनी साखळीसारखं दिसावं लागतं. नोंद झाली की घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क येतो, ग्रामपंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरी भागात २००. नोंदणी आणि खरेदी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली झाल्यावर लोक थांबतात, आणि पुढच्या पिढीला वारसांसकट परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हेही पक्कं लक्षात ठेवा: भाटकाराने दिवाणी दावा केला असेल तर मुंडकार आहे की नाही हा मुद्दा मामलेदाराकडे जायला हवा. लेखी जबाबात तो स्पष्ट उचलावा लागतो. तीस वर्षं राहतोय म्हणून कोर्टाला ते आपोआप कळत नाही. घर पाडण्याची धमकी असेल तर मनाईचा अर्ज वेगळा आणि तातडीने, मुख्य अर्जाबरोबर तो आपोआप होत नाही.

पोर्तुगीज_पेपर

कुळागर बाब, तुमच्या पोस्टला जोड म्हणून इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेचं, सांगतो.

गोव्यात नोंदलेलं लग्न आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक. नवरा गेला तर निम्मा हिस्सा विधवेचा स्वतःचाच असतो. तो वारशाने आलेला नाही, आधीपासूनचा आहे. वाटणी होते ती उरलेल्या निम्म्याची. अनेक कुटुंबांत "आईचं नाव नंतर लावू" म्हणून तिच्याशिवाय कागद होतात, आणि ती सही करते. सहीआधी वकील हवा, आणि तिला तो उत्पन्न न विचारता मिळतो.

२०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. वाटणीत वाद असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी होते. मालमत्तेची यादी, किंमत ठरवणं, हरकती, आणि मग वारसांमध्ये बोली. गरीब वारसाचं नुकसान बोलीच्या दिवशी होतं. पैसेवाला भाऊ बोली वाढवतो, घर त्याच्याकडे जातं, बाकीच्यांना रक्कम. यादीत किंमत मुळातच कमी धरली गेली असेल तर रक्कमही कमी. म्हणून यादी आणि किंमत यांवर हरकत घेण्याच्या टप्प्यावर वकील हवा. बोलीच्या तारखेला मिळालेला वकील फारसं काही करू शकत नाही.

वाद नसेल आणि नुसतं वारस कोण ते दाखवायचं असेल, तर विशेष नोटरीकडे वारसापत्र होतं. त्यासाठी इन्व्हेंटरीचा खर्च नको.

रोखठोक_वास्को

सगळं छान. पण फुकटचा वकील मन लावून काम करतो का? प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलांना मिळतं किती? तारखेला ज्युनिअर येतो आणि "वेळ द्या" म्हणून जातो.

दाबोळीचा_दीप

तक्रार खोटी नाही. मानधन थोडं आणि तेही उशिरा मिळतं, हे उघड गुपित आहे. चांगला आणि कामचुकार दोन्ही सापडतात. फरक एवढाच की खासगी वकिलाविरुद्ध तुम्हाला जायला जागा कमी, इथे आहे.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी घ्या: नेमणुकीच्या पत्राची प्रत, वकिलाचा फोन, आणि प्रकरणाचा सीएनआर क्रमांक. सोळा अंकाक्षरांचा हा क्रमांक ई-कोर्टस् ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं घरबसल्या दिसतं. वकील सांगतो ते आणि रोजनामा (कोर्टाची तारखेतारखेची नोंद) सांगतो ते जुळतं का बघा.

दोन तारखा लागोपाठ वकील आला नाही, किंवा पैसे मागितले, तर सचिवांना लेखी द्या. प्रकरण क्रमांक, तारखा, काय घडलं, एवढंच. "हा वकील नालायक आहे" असं लिहू नका. "अमुक तारखेला हजर नव्हते, रोजनाम्याची प्रत जोडली आहे" असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक प्राधिकरणात कामावर देखरेख करणारी समिती असते, तिच्याकडेही जाता येतं. वकील बदलून मिळतो. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं नाव तुम्ही स्वतःही सुचवू शकता, पण तो पॅनेलवर असावा लागतो. बदल होईपर्यंत जुन्या वकिलाचा वकालतनामा (वकीलपत्र) कोर्टात मागे घेतला जातो आहे ना, हे बघा. नाहीतर दोघांपैकी कुणीच उभं राहत नाही.

कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. वकालतनाम्यावर प्रकरणाचं नाव भरलेलं असेल तरच.

आणि पक्षकाराच्या बाजूनेही कधी चुकतं. लीगल एडचा वकील असताना गुपचूप खासगी वकील लावला तर मदत काढून घेता येते. उत्पन्न खोटं सांगितलं तरीही.

रोखठोक_वास्को

सीएनआरचं माहीत नव्हतं. मान्य.

कोलवाळरोड

फौजदारीचा वेगळा भाग. इथे घड्याळ तासांत चालतं.

अटक झाली की २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. पोलीस चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू, म्हणून जुनी सीआरपीसीची कलमं सांगणाऱ्या पुस्तिकांकडे जरा सांभाळून बघा. रिमांडच्या पहिल्याच वेळी वकील मिळायला हवा, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच मान्य केला आहे. कोर्टात "वकील आहे का?" असं विचारलं तर आरोपीने "नाही, लीगल एडचा हवा" असं स्पष्ट म्हणावं. गप्प राहू नये.

घरच्यांनी पोलीस स्टेशनचं नाव, गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची वेळ लिहून ठेवावी. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येते. हे चार तपशील फोनवर सांगितले तर पुढचं काम निम्मं होतं.

२०२२ पासून नालसाच्या योजनेत फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकिलांचं कार्यालय असतं, मुख्य बचाव वकील, उप आणि सहायक. त्यांना खासगी काम करता येत नाही. ते आरोपी आणि शिक्षा झालेल्यांसाठी असतात. फिर्यादी किंवा पीडितेला पॅनेलवरचाच वकील मिळतो. दोघांना एकाच दालनात पाठवू नका.

जामिनाचं खरं दुखणं पुढे. जामीन मंजूर होतो आणि माणूस कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगातच राहतो, कारण जामीनदार नाही. परप्रांतीय मजुराला गोव्यात जामीनदार कोण होणार? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी यावर निर्देश दिले. आदेशाची प्रत तुरुंगामार्फत कैद्याला मिळावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिन्यात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाने अटी सैल करण्याचा विचार करावा. म्हणून वकिलाला सांगायचं ते असं: "अट बदलण्याचा अर्ज करा, जातमुचलक्यावर किंवा रोख रकमेवर सोडण्याची मागणी करा." नवा जामीन अर्ज नको.

रकमेसाठी केंद्राची २०२३ ची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. २०२३ मध्ये ठरलेली मर्यादा: कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्यासाठी २५,००० पर्यंत. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार, यूएपीए यांना ती लागू नाही. गोव्यात अमली पदार्थांची प्रकरणं भरपूर, म्हणून हे आधी तपासा, उगाच आशा लावू नका.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पण लक्षात असू द्या. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ, कच्चा कैदी म्हणून आत काढला तर सुटकेचा प्रश्न उभा राहतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. तुरुंगातल्या विधी चिकित्सालयात (कायदेविषयक मदत कक्षात) आत काढलेले महिने मोजण्याचं काम करून घ्या.

परदेशी कैद्यांबद्दल कुणी विचारायच्या आधीच: होय, त्यांनाही. मोफत वकिलाच्या कलम १२ मध्ये "व्यक्ती" आहे, "नागरिक" नाही.

अपना_घर_जवळ

मुलांचं: बाल न्याय मंडळापुढे मुलाला मोफत वकील मिळतोच, वेगळी पात्रता दाखवावी लागत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलाच्या कुटुंबाला वकील परवडत नसेल तर पोक्सोच्या कलम ४० खाली मिळतो. गोव्याचा स्वतःचा २००३ चा बालकायदा आणि बाल न्यायालय आहे, त्यामुळे प्रकरण कुठे चाललं आहे हे आधी विचारून घ्या. नुकसानभरपाईसाठी जिल्हा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करता येतो, खटला संपायची वाट पाहायची नसते. अंतरिम मदतही मागता येते.

मनोरुग्णांचंही इथेच. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखल असलेल्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २७ खाली हा हक्क आहे, आणि तो त्यांना सांगणं हे तिथल्या डॉक्टरांचंही काम आहे.

केप्याची_सुमन

घरगुती हिंसाचाराच्या अर्जाबद्दल दोन-तीन ओळी लिहा ना कुणी.

मांडवीकाठ

वकिलाशिवायही सुरुवात होते, ही त्या कायद्याची चांगली बाजू. १८१ ला फोन, किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटना अहवाल. तो अहवाल पुढे दंडाधिकाऱ्याकडे जातो. लीगल एडचा वकील घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज मांडतो. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत असा कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात महिने लागतात, म्हणून अंतरिम पोटगी आणि घरात राहण्याचा हुकूम पहिल्याच अर्जात मागून घ्या. "नंतर मागू" म्हटलं की नंतर नवीन अर्ज.

नवऱ्याच्या कमाईचा कागद नसेल तर नोकरीचं ठिकाण, वाहन, बँकेचं नाव, भाड्याने दिलेल्या खोल्या लिहा. उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, बायकोलाही, हे विसरू नका.

वृद्धाश्रमनको

ज्येष्ठांबद्दल गैरसमज: साठी ओलांडली म्हणून मोफत वकील असा वेगळा रकाना केंद्रीय कायद्याच्या कलम १२ मध्ये नाही. आजी असेल तर स्त्री म्हणून सरळ, आजोबांना उत्पन्नाच्या मर्यादेतून. २००७ च्या पालकपोषण कायद्याखाली उपजिल्हाधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण असतं, पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये, आणि कलम १७ नुसार वकिलांना तिथे उभं राहता येत नाही. मग लीगल एडकडे कशाला जायचं? अर्ज लिहून घ्यायला, कागद लावून घ्यायला. घर मुलाच्या नावे केलं असेल तर दानपत्र बारकाईने वाचायला: त्यात सांभाळण्याची अट लिहिलेली असेल तर कलम २३ खाली ते रद्द करून घेणं सोपं पडतं.

घाटमाथा

प्रो बोनोचा, म्हणजे खासगी वकिलाने फुकट काम करण्याचा, विषय निघालाच नाही. केंद्राचं न्यायबंधू ॲप आहे, त्यावर नाव नोंदवलेले वकील फी घेत नाहीत. टेली-लॉ १४४५४ वर सल्ला मिळतो, किंवा गावच्या सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्रातून. बार कौन्सिलच्या नियमांतही गरजूंना मदत करणं हे वकिलाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पण एक खाच आहे. खासगी वकिलाने फुकट काम केलं तरी कोर्ट फी माफ होत नाही. त्यासाठी विधी सेवा समितीकडे फक्त फी आणि खर्चापुरता अर्ज करा. नाहीतर मोठ्या रकमेच्या दाव्यात वकील फुकट आणि दावा दाखल करायला पैसे नाहीत, अशी गत होते.

मिरामारचं साळगावकर कायदा महाविद्यालय आणि मडगावचं कारे महाविद्यालय यांचे मदत कक्ष अर्ज भरायला, नोटीस समजावून घ्यायला उत्तम. विद्यार्थ्यांना कोर्टात उभं राहता येत नाही, एवढं ध्यानात ठेवून जा.

रोखठोक_वास्को

लोकअदालतीत पाठवतात त्याचं काय? दबाव येतो असं म्हणतात.

दाबोळीचा_दीप

तडजोड तुमच्या मर्जीशिवाय होऊ शकत नाही. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, प्रकरण होतं तिथे परत जातं. पण हो म्हणालात तर निवाडा अंतिम, अपील नाही. कोर्टात भरलेली फी परत मिळते, ही चांगली बाजू. सहीच्या आधी बघा: रक्कम आकड्यात आणि अक्षरात आहे का, हप्त्यांच्या तारखा आहेत का, हप्ता चुकला तर काय ते लिहिलं आहे का, जमीन असेल तर सर्व्हे क्रमांक, पोटविभाग आणि क्षेत्रफळ आहे का. "दोन्ही पक्षांत समेट झाला" एवढ्यावर सही करू नका, असल्या निवाड्याची अंमलबजावणी मागता मागता नाकी नऊ येतात.

कायम लोकअदालत ही निराळी गोष्ट. वीज, पाणी, टपाल, वाहतूक, इस्पितळ, विमा अशा सेवांसाठी, एक कोटी रुपयांपर्यंत. तिथे समेट झाला नाही तर ती गुणदोषावर निकालही देऊ शकते. म्हणून तिथे कागद पूर्ण घेऊनच जा.

ओडिया_मजूर_मित्र

परप्रांतीय मजुरांसाठी शेवटचं. गोव्याचा रहिवासी दाखला लागत नाही. प्रकरण गोव्यात चाललं आहे एवढं पुरेसं. मजुरी थकली असेल तर ठेकेदाराचं नाव, मुख्य मालकाचं नाव, कामाची जागा आणि कालावधी, यूपीआयच्या नोंदी, गेटपास, हजेरीवहीचा फोटो, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं आणि फोन गोळा करा. गावी परत जाण्याआधी प्रतिज्ञापत्र आणि वकालतनामा दोन्हींवर सही करून जा. फोन बंद पडला म्हणून वकिलाशी संपर्क तुटतो आणि प्रकरण गैरहजेरीत निकाली निघतं. गावचा पत्ता आणि तिथल्या एका नातेवाईकाचा क्रमांक अर्जात लिहून ठेवा.

केप्याची_सुमन

केप्यातलं प्रकरण मडगावला अर्ज केला तर चालेल?

मांडवीकाठ

चालेल. चुकीच्या ठिकाणी आलेला अर्ज त्यांनीच योग्य समितीकडे पाठवायचा असतो. पण तारीख जवळ असेल तर केप्यातच द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या.